'मोडीत देणे' आणि 'मोडीत काढणे' : जुन्या वाहनांविषयीच्या शासकीय परिभाषेचे परीक्षण

शासनाची योजना लोकांपर्यंत प्रथम पोहोचते ती नावाच्या रूपाने. अधिसूचना, कलमे आणि शुल्काचे तक्ते कचेरीत राहतात. गावात जातो तो एखादा शब्द, आणि त्या शब्दाचा जो अर्थ भाषेत आधीपासून रूढ असेल त्याच अर्थाने योजना समजून घेतली जाते. जुनी वाहने देऊन नवी, कमी इंधन खाणारी वाहने घेण्यास उत्तेजन देणारे जे धोरण केंद्र शासनाने 2021 मध्ये आखले, त्याच्या मराठी नामकरणाची तपासणी या दृष्टीने करण्याजोगी आहे. 1 फेब्रुवारी 2021 रोजी अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी या धोरणाचे सूतोवाच केले. इंधनाची बचत करणाऱ्या व पर्यावरणाला अनुकूल अशा वाहनांना त्यामुळे उत्तेजन मिळेल आणि तेलाच्या आयातीवरील खर्च घटेल, असा हेतू त्यांनी त्या वेळी सांगितला होता. 18 मार्च 2021 रोजी परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी लोकसभेत त्याची रूपरेषा मांडली आणि 13 ऑगस्ट 2021 रोजी पंतप्रधानांनी त्याचा औपचारिक आरंभ केला. 'व्हॉलंटरी व्हेइकल फ्लीट मॉडर्नायझेशन प्रोग्राम' असे त्याचे अधिकृत इंग्रजी नाव. व्यवहारात मात्र ते 'स्क्रॅपेज पॉलिसी' झाले आणि मराठीत 'वाहने मोडीत काढण्याचे धोरण'. बोलण्यात तर नुसते 'भंगार धोरण'.

अधिकृत नावात स्वेच्छा आहे, ताफा आहे, आधुनिकीकरण आहे. मराठी नावात यांतील एकही गोष्ट उरलेली नाही. उरली आहे ती केवळ मोडण्याची क्रिया. हा दोष भाषांतरकाराचा म्हणून सोडून देता आला असता. परंतु धोरणाची कलमे बारकाईने वाचली असता असे दिसते की, मराठी नावाने नकळत धोरणातील एक खरी उणीव उघडी केली आहे, आणि त्याच वेळी त्यातील जो भाग सामान्य वाहनधारकाच्या उपयोगाचा होता तो झाकून टाकला आहे.

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत ही गोष्ट विशेष जाणवावी अशी परिस्थिती आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यापाशी एकमेकांस छेदतात. रावेर-यावलकडची केळी, चोपडा-शिरपूरकडचा कापूस, जळगावच्या डाळ-गिरण्यांचा माल या साऱ्यांची ने-आण मोटारींवर चालते. लांबच्या पल्ल्यावर नव्या मालमोटारी धावतात. परंतु शेतापासून बाजारापर्यंतचा जो लहान पल्ला, तो बहुधा जुन्या वाहनाच्या वाट्याला येतो. मोठ्या शहरात पहिल्या मालकाने वापरलेली गाडी काही वर्षांनी जिल्ह्याच्या गावी येते, तेथून तालुक्याला जाते आणि अखेरीस एखाद्या खेड्यात तिसऱ्या किंवा चौथ्या धन्याकडे स्थिरावते. 'पिकअप' काय, 'छोटा हत्ती' काय किंवा उतारू वाहणारी 'काळी-पिवळी' काय, त्यांचा उत्तरार्ध अशा ठिकाणी जातो. धोरणाचा रोख ज्या वयाच्या वाहनांवर आहे ती वाहने ज्यांच्या दारात उभी आहेत, ती माणसे ही होत. त्यांना 'ताफा' म्हटले तर मंत्र्यांच्या गाड्यांची रांग आठवते. स्वतःची एकुलती एक गाडी त्या शब्दात बसते असे त्यांच्या मनातही येणार नाही.

शासनाने ठेवलेले नाव लोकांनी बाजूस सारावे, हा प्रकार भारतातच घडला असे नाही. फ्रान्समध्ये 1994 साली पंतप्रधान बालादूर यांच्या कारकिर्दीत जुनी मोटार मोडणाऱ्यास नवीच्या खरेदीसाठी 5,000 फ्रँक देण्यात आले, तेव्हा लोकांनी त्या रकमेला 'बालादूरेत' असे लाडके नाव दिले. पुढील वर्षी झ्युपे पंतप्रधान झाल्यावर तिची 'झ्युपेत' झाली. जर्मनीत 2009 साली नऊ वर्षांहून जुनी मोटार मोडून नवी घेणाऱ्यास 2,500 यूरो मिळत. शासनाने या रकमेस 'उम्वेल्टप्रेमिए', म्हणजे पर्यावरण-अनुदान, असे नाव दिले होते. लोक मात्र तिला 'आब्व्राकप्रेमिए' म्हणू लागले. 'आब्व्राकेन' हा मूळचा जहाजे मोडण्याच्या धंद्यातील शब्द. जर्मन भाषेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या तेथील संस्थेने त्या वर्षाचा शब्द म्हणून याच लोकनामाची निवड केली. अमेरिकेत त्याच वर्षी जी योजना झाली तिच्या अधिकृत नावाच्या आद्याक्षरांतून 'कार्स' हा शब्द जुळवून आणलेला होता. रूढ झाले ते 'कॅश फॉर क्लंकर्स', म्हणजे खडखडणाऱ्या गाड्यांबद्दल रोख पैसे. मराठीत 'क्लंकर'ला जवळचा शब्द 'खटारा'. तोही एके काळी ओझ्याच्या बैलगाडीचे साधे नाव होता, हेटाळणी त्यात मागाहून आली.

या तिन्ही उदाहरणांत लोकांनी हेतुवाचक नाव टाकून क्रियावाचक किंवा व्यक्तिवाचक नाव पसंत केले. पर्यावरण हा शासनाचा दावा होता. मोडणे आणि पैसे मिळणे हा लोकांचा अनुभव होता. तरीही अमेरिकी योजनेबाबत एक गोष्ट नमूद केली पाहिजे. तिच्या कायद्यात इंधनाचा निकष आकड्यांत लिहिलेला होता. जुनी गाडी गॅलनला 18 मैल किंवा त्याहून कमी चालणारी असावी. प्रवासी मोटार घ्यावयाची असल्यास नवी किमान 22 मैल चालणारी असावी. दोहोंत 4 मैलांचा फरक असेल तर 3,500 डॉलर, 10 मैलांचा असेल तर 4,500. परत केलेल्या गाडीच्या एंजिनात सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतून ते कायमचे निकामी करण्याची सक्ती होती. अवघ्या काही आठवड्यांत सुमारे 6 लाख 77 हजार गाड्या बदलल्या गेल्या आणि 3 अब्ज डॉलरची तरतूद संपत आली. अर्थशास्त्रज्ञ अतिफ मियाँ आणि अमीर सूफी यांनी पुढे असे दाखवून दिले की, या योजनेने वाढलेली खरेदी नंतरच्या काही महिन्यांतील खरेदीतून जवळजवळ सगळी वजा झाली. लोकांनी उद्याची मोटार आज घेतली इतकेच. योजना यशस्वी झाली की नाही याविषयी त्यामुळे मतभेद होऊ शकतात. परंतु ती कशासाठी होती हे तिच्या अटींवरून कळत होते.

भारतीय धोरणात तसे ते कळत नाही. अर्थसंकल्पी भाषणात इंधनाचा उल्लेख होता. पुढे नियमांत जो निकष आला तो योग्यतेचा आणि, अप्रत्यक्षपणे, वयाचा. नवी गाडी जुनीपेक्षा किती कमी इंधन पिणारी असावी याविषयी सवलतीच्या अटींत एक शब्द नाही. मारुती 800 मोडीत देऊन कोणी अवजड, उंच, दुप्पट वजनाची मोटार घेतली तरी त्याची सवलत कमी होत नाही; उलट सवलत टक्केवारीत असल्यामुळे गाडी जितकी महाग तितकी रक्कम वाढण्याचा संभव. इंधनाच्या वापराचे जे मानक 2017 पासून लागू आहे आणि 2022 पासून अधिक कडक झाले, ते कारखानदाराच्या एकूण उत्पादनाच्या सरासरीला लागू आहे, खरेदीदाराच्या अदलाबदलीला नाही. 1 एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांना बी.एस.-6 ची अट असल्याने नव्या गाडीचा धूर कमी विषारी असतो, हे खरे. धूर आणि इंधन या दोन गोष्टी मात्र एक नव्हेत, आणि सीतारामन यांनी आयात तेलाचा जो हिशेब मांडला होता तो दुसऱ्या गोष्टीचा होता.

आता मराठी नावाकडे वळावे. 'मोडीत काढणे' या वाक्प्रयोगाच्या मुळाशी जे 'मोड' हे स्त्रीलिंगी नाम आहे, त्याचा अर्थविस्तार पाहण्यासारखा आहे. फुटकी घागर, चेपलेले पातेले, घासून पातळ झालेली पाटली यांना वस्तू म्हणून किंमत उरत नाही, धातू म्हणून उरते. अशा वस्तूंना 'मोड' म्हणतात. शंभराच्या नोटेची 'मोड' मागतात तेव्हाही नोट नाहीशी होते, शंभर रुपये नाहीसे होत नाहीत. दोन्ही ठिकाणी रूप मोडते आणि मूल्य टिकून राहते. ('मटकीला मोड आले' यातील पुल्लिंगी 'मोड' वेगळा मानावा लागेल, त्याच्या व्युत्पत्तीत येथे शिरण्याचे कारण नाही.) मराठी घरात मोडीचा व्यवहार परंपरेने चालत आला आहे. भांड्यांच्या दुकानी जुने पितळ तोलले जाते, मोडीचा भाव धरून त्याची रक्कम होते आणि ती नव्या भांड्याच्या किमतीतून वजा पडते. सराफाकडे कस पाहिला जातो, वजन होते, घट धरली जाते, नव्या दागिन्याची मजुरी वेगळी लागते. जळगावसारख्या सुवर्णनगरीत हा हिशेब शाळा न शिकलेल्या बाईलाही तोंडपाठ असतो. मोडीचा भाव कोणता, घट किती धरली, हे तिला विचारता येते, आणि पटले नाही तर पाटली पदरात बांधून शेजारच्या पेढीवर जाता येते.

या व्यवहाराचे क्रियापद 'देणे' हे आहे: जुने मोडीत दिले, नवे घेतले. 'देणे' या क्रियेला देणारा लागतो, घेणारा लागतो. चतुर्थीचा अर्थ तिच्या पोटात आहे, आणि देण्याच्या पाठोपाठ घेणे अपेक्षित आहे. 'काढणे' या क्रियेची अपेक्षा निराळी आहे. तिला संप्रदान नको, अपादान हवे: कोठून तरी, कशातून तरी काढले जाते. गाडी मोडीत 'काढली' म्हटले की ती रस्त्यावरून, नोंदवहीतून, धन्याच्या ताब्यातून गेली एवढेच सांगितले जाते. बदल्यात काय आले याला वाक्यात जागाच नाही. यावर कोणी असे म्हणेल की, दागिनेही 'मोडीत काढले' असे म्हणतात. म्हणतात खरे, परंतु तेथे काढणारा स्वतः धनी असतो आणि बहुधा अडचणीत असतो. मुलीच्या लग्नासाठी, विहिरीसाठी, शिक्षणाच्या फीसाठी जे मोडीत काढले जाते त्याच्या बदल्यात नवा दागिना येत नाही, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. आणि जेव्हा 'परंपरा मोडीत निघाली' किंवा 'त्याचा युक्तिवाद मोडीत काढला' असे म्हटले जाते, तेव्हा तर मूल्य टिकून राहण्याची कल्पना साफ लोपलेली असते. धोरणाला जे नाव मिळाले ते या शेवटच्या छटेचे आहे. इतिहासाचार्य राजवाडे, ज्यांचा अखेरचा काळ धुळ्यात गेला आणि ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्या शहरात आजही उभे आहे, त्यांनी मराठी धातूंचा जो विचार केला तो याच श्रद्धेने की, समाजाचे व्यवहार त्याच्या क्रियापदांत साठलेले असतात. शासकीय अनुवादाच्या कामी नामांची याद्यांवर याद्या होतात. क्रियापदाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. 1960 मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यानंतर पहिला गाजावाजा झाला तोही पदनामांच्याच कोशाचा.

'देणे' हवे होते आणि 'काढणे' आले, हा केवळ शब्दाचा अपघात आहे काय? धोरणातील मोबदल्याची रचना पाहिली तर तसे वाटत नाही. जुन्या वाहनाची भंगार-किंमत नव्या वाहनाच्या विक्री-किमतीच्या 4 ते 6 टक्के मिळेल, असा अंदाज 2021 मध्ये सांगण्यात आला. नव्या वाहनावर 5 टक्के सूट द्यावी असा सल्ला उत्पादकांना देण्यात आला. नव्या वाहनाच्या मोटार-वाहन करात खाजगी वाहनास 25 टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनास 15 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना मिळाली, आणि नव्या वाहनाचे नोंदणी-शुल्क माफ करण्याचे ठरले. या प्रत्येक वाक्यात 'नव्या वाहनाच्या' ही षष्ठी आहे. सराफाच्या हिशेबात मोडीची किंमत मोडीवरून ठरते. येथे ती जी वस्तू अद्याप घेतलेली नाही तिच्यावरून ठरविलेली आहे. समजा, एखाद्या शेतकऱ्याने पिकअप देऊन 8 लाखांची नवी घेतली. सूट पूर्ण 5 टक्के मिळाली तर 40,000 रुपये, भंगाराचे 32,000 ते 48,000 रुपये, शिवाय करातील सवलत; रक्कम लहान नाही. परंतु जो 8 लाख उभे करू शकत नाही आणि जुनीच्या जागी दुसरी जुनीच घेणार आहे, त्याच्या पदरी लोखंडाच्या वजनाचे पैसे तेवढे पडतात. 5 टक्क्यांचा सल्लाही सल्लाच राहिला: ऑगस्ट 2024 मध्ये अनेक प्रवासी-मोटार उत्पादकांनी मर्यादित काळासाठी जी सूट मान्य केली ती दीड टक्का किंवा 20,000 रुपये, यांतील जी कमी असेल ती होती.

अशा माणसासाठी धोरणात एकच दार उघडे ठेवलेले आहे, आणि नेमके त्याच दारावर चुकीची पाटी आहे. अधिकृत केंद्रात वाहन जमा केल्यावर जे 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळते ते हस्तांतरणीय आहे. ज्याला नवी गाडी घ्यावयाची नाही त्याला ते, घेणाऱ्या दुसऱ्या कोणाला, विकता येते. तिसऱ्या-चौथ्या धन्याच्या दृष्टीने धोरणाचे सारे मर्म या तरतुदीत आहे. या कागदाचे शब्दशः मराठी 'ठेव प्रमाणपत्र' असे होते. 'ठेव' म्हटले की मराठी माणसाला बँक आणि पतपेढी आठवते. ठेव ठेवणाऱ्याची असते, मुदतीअंती परत मिळते, तिच्यावर व्याज लागते, आणि ती दुसऱ्याला विकता येते असे सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. खानदेशात पतसंस्थांच्या बुडालेल्या ठेवींचा अनुभव ताजा असलेल्या घरांत तर 'ठेव' हा शब्द विश्वासापेक्षा धास्तीच उत्पन्न करील. जमा केलेली गाडी परत मिळावयाची नाही. कागद मात्र बाजारात चालतो. 'ठेव' या शब्दाने दोन्ही गोष्टी उलट्या सुचविल्या जातात.

दुसरा घोटाळा वयासंबंधीचा आहे. '15 वर्षांची गाडी बाद' असे सरसकट बोलले जाते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 41 व्या कलमानुसार खाजगी वाहनाच्या नोंदणीची मुदत 15 वर्षांची असते आणि नंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. म्हणजे 15 वर्षे हे कागदाचे वय आहे. कागदाची मुदत संपणे आणि गाडीचे आयुष्य संपणे यांतील अंतर बोलण्यात लक्षणेने पुसले जाते. धोरणातही केवळ वय झाले म्हणून खाजगी वाहन मोडावे असे म्हटलेले नाही. व्यावसायिक वाहन 15 वर्षांनी आणि खाजगी 20 वर्षांनी, योग्यता-चाचणीत नापास झाल्यास किंवा नोंदणीचे नूतनीकरण न झाल्यास बाद व्हावे अशी ती कल्पना आहे. या चाचणीला लोकांत 'पासिंग' हा सुटसुटीत शब्द रुळलेला आहे. 'योग्यता प्रमाणपत्र' म्हटले तर गाडीपेक्षा उमेदवाराची आठवण होते. अहिराणी बोलणाऱ्याची कसोटी त्याहून सोपी: 'गाडी चालस'. चालते तोवर ती गाडी. रोज बाजार करून येणाऱ्या वाहनाला 'आयुष्य संपलेले' म्हणावे हे त्याच्या बोलीत बसत नाही. सप्टेंबर 2021 च्या नियमांत मात्र ज्याची नोंदणी वैध राहिलेली नाही अशा वाहनाचाही 'आयुष्य संपलेल्या' वाहनांत समावेश आहे. कागद संपला की जीव संपला.

शब्दांच्या अशा ढिलाईतून भीती कशी उत्पन्न होते याचे उदाहरण 2023 मध्ये घडले. दहा वर्षांनंतर ट्रॅक्टर सक्तीने मोडीत काढले जाणार अशी वार्ता पसरली, आणि शेतीचा ट्रॅक्टर हे व्यावसायिक वाहन नाही, त्यास अशी वयोमर्यादा नाही, असा खुलासा केंद्रीय मंत्रालयाला करावा लागला. वार्ता खोटी होती. तिच्यावर विश्वास बसण्याजोगी भूमी मात्र 'मोडीत काढणे' या शब्दाने तयार झालेली होती. योजनेचे नाव 'जुना ट्रॅक्टर मोडीत देण्याची सवलत' असे असते तर सक्तीची अफवा इतक्या सहज उठली असती काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

'स्वैच्छिक' या विशेषणाबद्दल थोडक्यात. मराठीला 'ऐच्छिक' हा शब्द परिचित आहे आणि 'स्वेच्छानिवृत्ती' तर कारखान्यांच्या इतिहासामुळे फारच परिचित आहे. 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरील खाजगी मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क 600 वरून 5,000 रुपये आणि दुचाकीचे 300 वरून 1,000 रुपये झाले. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरील वाहनांसाठी ते अनुक्रमे 10,000 आणि 2,000 रुपये करण्यात आले. त्याआधीपासून महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आहेच. जुन्या वाहनाचा समाजावर पडणारा भार त्याच्या मालकाने उचलावा, हे तत्त्व म्हणून मान्य करता येईल. तथापि जेथे न दिल्याचा दंड निश्चित आहे आणि दिल्याचे बक्षीस नवी गाडी घेण्यावर अवलंबून आहे, तेथे इच्छेला फारसा अवकाश राहत नाही. 'स्वेच्छानिवृत्ती' घेतलेल्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

येथवरच्या विवेचनावरून धोरणच अनाठायी आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. त्याची खरी बाजू भंगाराच्या दुकानात गेल्यावर कळते. गॅस-कटरने चेसिस कापली जाते, एंजिनातील काळे तेल जमिनीत मुरते, बॅटरीतील आम्ल आणि शिसे नाल्यात जाते. गाडीचे तुकडे होतात, पण नोंदणी रद्द होतेच असे नाही. 'आर. सी. बुक' मूळ मालकाच्या नावे तसेच राहते. तो क्रमांक दुसऱ्या गाडीवर चढला आणि काही गुन्हा घडला तर चौकशी त्याच्या दारात येते. अधिकृत केंद्राने चोरीच्या वाहनांच्या नोंदींशी ताळा पाहावा, नोंदणी रद्द व्हावी, घातक द्रव्ये आधी काढून घ्यावीत, हे नियम याच कारणाने आवश्यक आहेत. 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या पर्यावरणविषयक नियमांनी तर ही जबाबदारी वाहन-उत्पादकांवरही टाकली आहे. असे असूनही माणूस जवळच्या भंगारवाल्याकडेच जातो, कारण तो घरी येतो, भाव बोलतो आणि रोख देतो. बाजारातील हा प्रतिस्पर्धी मराठी समजतो आणि 'मोड' या शब्दाचा जुना अर्थही समजतो. आरंभाच्या वेळी पंतप्रधानांनी कचऱ्यातून कांचनाची भाषा केली होती. योगायोग असा की, मराठीत जे 'भंगार' त्याला ध्वनीने अगदी जवळचा 'भांगर' हा शब्द कोकणीत सोन्याला वाचक आहे. घोषणा तयार करणाऱ्यांना हा शेजार ठाऊक असता तर कदाचित् भाषांतराचे श्रम वाचले असते.

शासनाने स्वतःच्या वाहनांबाबत मात्र वेगळा नियम पत्करला. 16 जानेवारी 2023 च्या अधिसूचनेने केंद्र, राज्ये, नगरपालिका आणि सार्वजनिक परिवहन उपक्रम यांच्या 15 वर्षांवरील वाहनांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून संपुष्टात आली. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीची खास वाहने तेवढी वगळली. येथे पासिंगचा प्रश्नच नाही. वय झाले, संपले. नागरिकाला योग्यतेची कसोटी आणि स्वतःला वयाची, हा भेद शासनाच्या बाजूने कठोर असल्याने प्रशंसनीय म्हणावा लागेल. या व्यवहाराचे कचेरीतील नाव 'निर्लेखन' असे आहे, आणि ते अत्यंत यथार्थ आहे: लेखातून, वहीतून, नाव काढून टाकणे. तालुक्याच्या कचेऱ्यांच्या आवारांत कडुनिंबाखाली चाके खचलेल्या जीपगाड्या दिसतात. त्यांतील किती निर्लेखित झाल्या आणि किती प्रत्यक्ष मोडल्या गेल्या, हे वहीवरून कळत नाही, कारण वहीतून त्या गेलेल्या असतात.

पर्यायी शब्द सुचविणे हे परिभाषेच्या परीक्षकाचे कर्तव्य मानले जाते. 'वाहन-मोड योजना' आणि 'मोड-पावती' हे दोन शब्द त्या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहेत. 'मोड-पावती'त 'ठेव' नाही, त्यामुळे परतीचा भ्रम नाही. 'पावती' म्हटल्यावर ती हातात घेऊन हिशेब विचारण्याचा अधिकार आपोआप येतो. मात्र नाव बदलावयाचे तर त्या कागदावर सराफाच्या पावतीवर असते तेवढे तरी असले पाहिजे: गाडीचे वजन किती भरले, लोखंडाचा त्या दिवशीचा भाव कोणता धरला, घट किती वजा केली. त्याखाली, ही पावती धारकास दुसऱ्या कोणालाही विकता येईल, ही ओळ मोठ्या अक्षरांत हवी. आणि शासनाला इंधनाची खरोखरच काळजी असेल तर जुनी गाडी लिटरला किती चालत होती हा रकानाही.